नको म्हणणाऱ्यांची पंगत

३ फेब्रुवारी, सोमवार

आज निकाल लागला. इतकी वर्षं मी पोरांचे निकाल लावत आलो, आज पोरांनी माझा लावला. पाचपैकी दोन तारे.

माझा म्हणजे माझ्या पुस्तकाचा. ‘परिचालन व्यवस्थापन : तत्त्व आणि व्यवहार’, लेखक प्रा. दिगंबर लांजेवार. कारखान्यात, दवाखान्यात, पोस्टात काम कसं वाहतं आणि कुठं तुंबतं, हे एमबीएच्या मुलांना मराठीतून समजावणारं सहाशे पानांचं पुस्तक. लिहायला अकरा वर्षं लागली. तेवढ्यात आमची मिनल पहिलीतून बारावीत गेली असं बायको, शोभा, सांगते. मला मधलं फारसं आठवत नाही.

आमच्या कॉलेजच्या संचालिका डॉ. वैदेही गिरडे एकेकाळी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायच्या. त्यांनी नवा नियम काढलाय. पुढच्या वर्षी कोणतं पुस्तक लावायचं ते विद्यार्थ्यांची मतं ठरवणार. सरासरी चार तारे आले तर माझं राहील, नाहीतर कुठल्याशा दिल्लीच्या प्रकाशकाचं इंग्रजी येईल. पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त होतोय. पुस्तकही गेलं तर माझ्यामागे या कॉलेजात माझं म्हणून काय राहणार? स्टाफरूममधली खुर्ची, आणि तीही डुगडुगते.

मतं निनावी आहेत. काही उतरवून ठेवतो.

“पुस्तक भक्कम आहे. कूलरच्या एका पायाखाली बरोबर बसते.”

“मला झोप न येण्याचा त्रास होता. आता नाही.”

“मुखपृष्ठावरच्या मशीनचा फोटो छान. आत पण फोटो असते तर उघडलं असतं.”

यातली बरीचशी अनुकूलच आहेत. ‘भक्कम’ हा शब्द कोणी उगाच वापरत नाही. पण एक मत सकाळपासून डोक्यातून जाईना : “या पुस्तकात सगळं आहे. फक्त लिहिणारा कधी कोणाच्या घरी जेवायला गेला नसावा.”

हे काय मत झालं? मी चिक्कार घरी जेवलोय.

संध्याकाळी मिनलला वाचून दाखवलं. माझी ही एकुलती एक मुलगी याच वर्गात, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती पोह्यातले शेंगदाणे वेचत बसली होती. “कोणी लिहिलं असेल गं हे?” विचारलं तर म्हणाली, “काय माहीत बाबा, असेल कोणी.” तिचे कान लाल झाले होते. वर्गमित्रांच्या वागण्याची लाज वाटली असणार बिचारीला. माझा संशय हर्षितवर आहे. तो वर्गप्रतिनिधी आहे आणि विनाकारण हसतो.

शोभाला चहा विचारला. नको म्हणाली. माझ्यापुरता केला.

५ फेब्रुवारी, बुधवार

मतं पुन्हा वाचली. मुलांना नववं प्रकरण कळलेलंच नाही. आणि तेच तर पुस्तकाचं काळीज आहे. ओढ पद्धत. म्हणजे काय, तर पुढच्यानं मागितल्याशिवाय मागच्यानं काही पाठवायचं नाही. मागणी आली की माल द्यायचा, नाही आली तर हाताची घडी घालून उभं राहायचं. मग कुठं ढीग साचत नाही, काही वाया जात नाही. पान दोनशे सत्तावन्नवर मी ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘ग्राहकाच्या नकाराचा मान राखावा.’ इतकं स्वच्छ वाक्य लिहूनही दोन तारे.

शोभाला डोळे तपासायला धंतोलीला जायचं होतं. “सोबत येऊ का?” विचारलं. “नको, तुमची कामं असतील, मी जाईन,” म्हणाली. कामं होतीच. ती ऑटोनं गेली आणि डोळ्यांत थेंब घालून, भिंतीला हात लावत जिना चढून आली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ चंपतराव, रामटेकजवळ गावाकडची शेती तोच बघतो. त्याच्या मुलीचं, हिमानीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सोळा तारखेला, घरीच, अंगणात मांडव टाकून. मुलगा अमोल खापरखेड्याचा. त्याचे वडील मधुकरराव वीज केंद्रातून निवृत्त झालेत. जेवणं झाली की दोन्हीकडची मंडळी बसून लग्नाची तारीख काढणार.

“बुफे ठेव ना दादा,” मी म्हटलं, “सोपं पडतं.”

“हातात ताट घेऊन उभ्यानं खाल्लं, त्याले जेवन म्हनते काय गा? व्याह्याले मी पंगतीतच बसवतो. फक्त वाढाले पोट्टे पाहिजेत. गावातले सारे पुन्याले जाऊन बसले.”

वाढायला पोट्टे. फोन ठेवला आणि माझ्या अंगावर काटाच आला. पंगत म्हणजे दुसरं काय असतं? चुलाणं हा कारखाना, वाढपी ही वाहतूक आणि पत्रावळ हे ग्राहकाचं दार. नववं प्रकरण मुलांनी स्वतःच्या हातानं राबवलं तर त्यांचं मत बदलल्याशिवाय राहणार नाही. आनंदानं मी स्वयंपाकघरात जाऊन शोभाला सगळं सांगितलं. ती पापड वाळवायला घेत होती. काठ वळू नयेत म्हणून वर माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती ठेवल्या होत्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

वैदेहीबाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी परवानगी दिली. प्रात्यक्षिकानंतर मतं पुन्हा घ्यायची आणि तीच शेवटची धरायची, असं ठरलं. “पण सर, मतं प्रामाणिक हवीत हं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला दुसरं काय हवंय.

दुपारी वर्गात तालीम घेतली. बाकांच्या रांगा म्हणजे पंगत, कागदाच्या पत्रावळी, बादल्यांत खडू. सुरुवातीला प्रत्येकाला थोडंथोडं वाढायचं : दोन पुऱ्या, डावभर वांग्या-आलूची भाजी, मूठभर भात आणि बुंदीचे चार दाणे. त्यानंतर भांडं घेऊन रांगेतून फिरायचं आणि विचारायचं. पाहुण्यानं मागितलं तर वाढायचं. ‘नको’ म्हटलं की ‘बरं’ म्हणून पुढं सरकायचं.

हर्षितनं हात वर केला. “सर, आणि आग्रह? म्हणजे ते ‘घ्या हो, घ्या हो’ करून वाढतात ते?”

“आग्रह म्हणजे अतिउत्पादन,” मी म्हणालो. “जे मागितलंच नाही ते पाठवणं. नासाडीचा सर्वांत जुना प्रकार.”

वर्गानं लिहून घेतलं. मिनलनं मात्र पेन खाली ठेवलं होतं. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, “बाबा, आपल्याकडे पहिल्या वेळी ‘हो’ कोण म्हणतं?”

“का? ज्याला हवं तो म्हणतो.”

“आई म्हणते?”

“आईला जे नको असतं त्याला ती नको म्हणते.”

शंकरनगर चौकात सिग्नल लागला होता. ती मागून पुढं वाकली. मी म्हटलं, “काही सांगायचंय का?” तर म्हणाली, “नको, जाऊ द्या.” मी जाऊ दिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गावी पोचलो. मुलं उद्या सकाळी कॉलेजच्या बसनं येतील. मांडव झकास पडलाय. दादानं आचारी रामटेकचाच आणलाय आणि तो भाजीच्या वासावरून तरी तयारीचा वाटतो.

दादाला योजना समजावली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं. मंग आग्रह कोन करन?”

“आग्रह नाही राहणार दादा.”

“नाही म्हंजे? व्याह्याच्या पानात बुंदी कोन टाकन? मी जाईन परात घेऊन.”

“तुले त्याच्याहून मोठं काम आहे,” मी म्हटलं आणि त्याला गुणवत्ता निरीक्षक नेमलं. चुलाण्याशी खुर्ची टाकून बसायचं आणि प्रत्येक घाण्याची पुरी चाखून बघायची. मुलीच्या बापानं पंगतीत भांडं घेऊन घुसणं हा प्रवाहातला सर्वांत मोठा अडथळा ठरला असता. दादा खूश दिसला. त्याला आजवर कोणी कशाचा निरीक्षक केलेलं नव्हतं.

हिमानीनं माझ्यासाठी ताक आणलं. म्हणाली, “काका, अमोलच्या घरचे लई साधे आहेत. फक्त त्याच्या बाबांना मान लागतो.” मी म्हटलं, माझ्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाला सारखाच मान आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. तत्त्व आणि व्यवहार यांचं असं लग्न मी याआधी कुठं पाहिलेलं नाही.

अंगठी, साडी, कुंकू सगळं वेळेत उरकलं आणि पंगत बसली. मुलाकडची मंडळी पहिल्या रांगेत. मधुकरराव अगदी मध्ये, डोक्याला गुलाबी फेटा, शेजारी त्यांच्या पत्नी इंदुताई. मुलांनी आरंभीचं वाढलं आणि मग हर्षित पुऱ्यांची परात घेऊन मधुकररावांपुढं वाकला. “पुरी?”

“नाही, नाही, बस,” मधुकरराव हसून म्हणाले आणि पत्रावळीवर आडवा हात धरला.

“बरं काका,” म्हणून हर्षित पुढं गेला.

माझा ऊर भरून आला. शिकवल्याबरहुकूम. मधुकरराव हात तसाच धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. त्यानंतर भाजी आली. “नको, लई झालं.” “बरं काका.” मग भात आला, कढी आली. इंदुताईंनी बुंदीला “छे, छे” म्हटलं आणि आपल्या मिनलनं “काकू, घ्या न,” म्हणून डाव पुढं केला. मी लांबूनच तिला खूण केली. तिनं डाव मागं घेतला. शिस्त ही घरच्या माणसापासूनच लावावी लागते.

अशी शांत पंगत मी जन्मात पाहिली नव्हती. ओढाताण नाही, आरडाओरडा नाही, पत्रावळीत शीत उरलं नाही. लहान पोरं तेवढी मागून खात होती. एक ठार बहिरे आजोबा होते, त्यांना कोणी काय विचारतंय हे ऐकूच येत नव्हतं. ते आपले सारखं बोट दाखवून बुंदी मागत होते. ग्राहक असावा तर असा. बाकी सगळ्यांची मागणी पहिल्या फेरीतच शून्यावर आली. मी विचार केला होता त्याच्या निम्म्या वेळात पंगत उठली.

मधुकरराव हात धुताना म्हणाले, “झालं म्हणता जेवण?”

“झालं,” मी म्हणालो. “तुम्हाला एक मिनिटही ताटकळावं लागलं नाही.”

“नाही लागलं,” ते म्हणाले. स्वभावानं मितभाषी दिसतात.

पानसुपारीबरोबर प्रत्येकाला नवव्या प्रकरणाची झेरॉक्स दिली. म्हणजे आज काय अनुभवलं ते घरी जाऊन समजून घेता येईल. दादा मात्र चुलाण्यापासून उठलाच नाही. पुऱ्या चाखून चाखून त्याला सुस्ती आली होती. स्वयंपाक बराच उरला. आचाऱ्याचा अंदाज चुकला असावा. पण काही वाया गेलं नाही, आमच्या मुलांनी दोनदा जेवून, डबे भरून सगळं नेलं.

तारखेची बैठक राहून गेली. मंडळींना घाई होती. परतताना रामटेकच्या बसस्टँडजवळ त्यांची गाडी उभी दिसली. सगळे आलुबोंड्याच्या गाडीभोवती उभे होते, मधुकररावांच्या तर दोन्ही हातांत एकेक होता. इकडचे आलुबोंडे प्रसिद्ध आहेतच. बाहेरगावच्या माणसाला स्थानिक पदार्थांचं कौतुक असतं हे पाहून बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मतं आली. सरासरी पाचाला टेकली आहे. मी दार लावून घेऊन वाचली.

“नववं प्रकरण जन्मभर लक्षात राहील. बुंदी अजून हॉस्टेलवर आहे.”

“पहिल्यांदाच एखाद्या पुस्तकानं पोट भरलं.”

“पुस्तकाला पाच. भाजीला वेगळे पाच द्यायची सोय हवी होती.”

“पुढच्या सेमिस्टरला दोन तरी साक्षगंध ठेवावीत.”

अनुभवातून शिकवलं की मुलांची भाषाच बदलते. एकानं मात्र एकही तारा दिलेला नाही. फक्त लिहिलंय, “आणि पाहुणे?” हर्षितच असणार. त्याला उद्या वाचनालयातली जुनी नियतकालिकं लावायला सांगतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा फोन आला, आवाज पडलेला होता. मधुकररावांनी निरोप पाठवलाय की तारीख सवडीनं पाहू. हिमानी कालपासून बोलत नाही. अमोल फोन उचलतो पण नुसता ‘हूं’ करतो.

मी कारणांची आकृती काढायला बसलो. माशाच्या काट्यासारखी असते ती, प्रकरण बारामध्ये दिली आहे. माणसं, माल, पद्धत, साधनं, एकेका काट्यावर एकेक. माणसं शिकलेली. माल उत्तम, दादानं स्वतः तपासलेला. साधनं पुरेशी. पद्धतीचा प्रश्नच नाही. म्हणजे आकृतीप्रमाणे काही बिघडलेलंच नाही. कदाचित अंगठीचं माप चुकलं असेल.

मिनल दारात येऊन उभी राहिली. “बाबा, ते लोक...”

“काय?”

“काही नाही. तुम्ही काम करून राहिले. नको.”

नको म्हणाली, म्हणून मी पुन्हा आकृतीकडे वळलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी कॉलेजचं पत्र मिळालं. माझं पुस्तक पुढच्या वर्षी राहणार. मी ते शोभाला वाचून दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं आणि संत्रा बर्फी आणायला निघालो तोच दारात दादा. गावाहून पहिल्या एसटीनं आला होता. चपलाही काढल्या नाहीत.

“दिगू, पावने माह्या घरून उपाशी गेले.”

“कोण म्हणतं?”

“सारं रामटेक म्हनते. व्याही बसस्टँडवर आलुबोंडे खाऊन राहिला होता म्हनते, फेटा बांधून. अख्खी वरात बघ्यांची जमली. मी तिकडं चुलीपाशी पुऱ्या खात बसलो अन् माह्या पोरीचा सासरा इकडं भुका.”

“पण दादा, त्यांना विचारलं होतं. प्रत्येक पदार्थ विचारला. ते नको म्हणाले.”

“व्याही काहून हो म्हनन गा?” दादा म्हणाला. “व्याही मागते काय कधी? तू गेला होता ना तुह्या सासऱ्याकडं, मागितलं होतं काय तू? नऊ पुऱ्या खाल्ल्या होत्या तू. नऊच्या नऊ घ्या-घ्या करून घातल्या होत्या त्याईनं.”

मागणी नोंदली गेली नव्हती हे तर खरंच आहे. पण त्या पुऱ्याही मला आठवल्या.

“तू जाय खापरखेड्याले,” दादा म्हणाला. “काय करायचं ते कर. माह्या पोरीचं लगीन मोडलं तर तुह्या पुस्तकावर मी चूल पेटवतो.” शोभानं त्याला जेवायला बसवलं. तो नको नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही, ताट वाढूनच आणलं. तो जेवला आणि मुकाट गेला. बर्फी आणायची राहून गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मिनलच्या मागे स्कूटरवर बसून खापरखेड्याला गेलो. सोबत बर्फी आणि पुस्तकाची एक प्रत घेतली होती. नुसतं नववं प्रकरण वाचून गैरसमज होऊ शकतो, संदर्भ सगळा बघायला हवा. “पुस्तक नका न नेऊ बाबा,” मिनल म्हणाली, पण मी पिशवीत टाकलं होतं.

मधुकररावांचं घर वीज केंद्राच्या बाजूला, चिमण्यांच्या सावलीतलं. त्यांनी अगत्यानं या म्हटलं, पण हसले नाहीत. टेबलावर माझ्या झेरॉक्सचे कागद होते, जागोजागी लाल पेननं खुणा केलेले.

“वाचलं त्याच रात्री,” ते म्हणाले. “भुकेल्या माणसाला झोप येत नाही. मी आयुष्यभर कोळशाच्या पट्ट्यावर काम केलं सर. बॉयलर मागेल तेवढाच कोळसा सोडायचा. तुमचं लिहिलेलं बरोबर आहे, बॉयलरसाठी.” मी काही बोलणार तर ते उठले. “चला, आधी जेवून घेऊ. बोलू मागून.”

जेवण पाटावर मांडलं होतं. एक पोळी, वाटीत पाटवडीचा रस्सा, गोळाभाताचा छोटासा ढीग. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, त्यात तीस किलोमीटर वारा खाल्लेला. रस्सा जिभेला लागला आणि मी सगळे मुद्दे विसरलो. पोळी केव्हा संपली कळलं नाही.

इंदुताई पोळ्या घेऊन आल्या. “पोळी?”

“नको नको, बस झालं,” मी म्हणालो. हात आपोआप ताटावर आडवा गेला.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पोळ्या घेऊन आत गेल्या.

मग रस्सा आला. वाफ येत होती. “नाही, भरपूर झालं,” मी म्हणालो. मला दुसरं काही म्हणताच येईना. लहानपणापासून दुसऱ्याच्या घरी हेच म्हणत आलोय. “बरं,” म्हणून तोही गेला. आत झाकण पडल्याचा आवाज झाला आणि मला फार वाईट वाटलं. मिनल शेजारी बसून “काकू, मला वाढा” म्हणत होती आणि तिला मिळत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला राग आला, मधुकररावांचा, तिचा, सगळ्यांचा. माझ्या ताटाकडे बघा की कोणीतरी, असं ओरडावंसं वाटलं. एवढा मोठा माणूस मी, सहाशे पानांचा लेखक, आणि एका वाटी रश्श्यापायी डोळ्यांत पाणी यायची वेळ आली.

“ग्राहकाच्या नकाराचा मान राखावा,” मधुकरराव समोरून शांतपणे म्हणाले. “पान दोनशे सत्तावन्न.”

गोळाभाताचं पातेलं आलं. इंदुताई काही विचारायच्या आत मी म्हणालो, “मला भात पाहिजे.” आवाज इतका बारीक निघाला की तो माझा वाटेना. “आणि रस्सा. आणि त्या दिवशी तुम्हीही असेच बसले होते, हे मला आत्ता कळलं. माझं चुकलं.”

मग मधुकररावांनीच बायकोच्या हातातून पातेलं घेतलं आणि माझ्या ताटात भात टाकला. मी बस म्हटलं, त्यांनी आणखी टाकला. रस्सा, वर तेल, परत रस्सा. “हे माझ्याकडून. हे हिच्याकडून. हे अमोलकडून.” मी हात आडवा धरला तर बोटांवरूनच वाढलं. मी हरलो आणि जेवत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

तारीख निघाली, मे महिन्यातली. त्यांची अट एकच. पंगतच बसवायची आणि आग्रहाचं खातं लांजेवार सरांकडे ठेवायचं. पुस्तकाची प्रत त्यांनी ठेवून घेतली. मी कूलरच्या पायाचं ते मत सांगितलं, तर कूलरखाली नाही ठेवणार म्हणाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वैदेहीबाईंना फोन केला. म्हटलं, ती मतं रद्द करा, ती पुस्तकाची नाहीत, बुंदीची आहेत. त्या म्हणाल्या, राहू द्या सर, पत्र निघालंय. मी पुन्हा म्हटलं. त्या म्हणाल्या, कशाला सर. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

“पुस्तक जाईल, सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“जाऊ शकतं,” मी म्हणालो. शेवटी त्यांनी परीक्षेनंतर मतं नव्यानं घ्यायचं कबूल केलं. तोवर मला पुस्तक दुरुस्त करायची मुभा आहे. अकरा वर्षांचं काम दोन महिन्यांत.

चहा केला. शोभा नको म्हणाली. मी कप तिच्या हातात दिला. दूध जास्त झालंय म्हणत तिनं सगळा प्यायला. उद्या धंतोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिच्यासोबत जाणार आहे. त्यालाही ती नको म्हणाली, पण दोनदाच.

जेवणानंतर मिनलला हाक मारली. पुस्तक समोर ठेवलं आणि म्हटलं, “तुझं मत सांग.”

“नको बाबा.”

“सांग न.”

“कशाला? जाऊ द्या.”

“थोडंसं,” मी म्हणालो. “माझ्यासाठी.”

“ते जेवायला जाण्याचं वाक्य माझं होतं,” ती म्हणाली. मी मान डोलावली. हर्षितनं तीन दिवस वाचनालयात धूळ खाल्ली, त्याला उद्या काहीतरी खाऊ घातलं पाहिजे. “आणखी?” मी विचारलं. “आणखी खूप आहे,” ती म्हणाली. तिनं पाय वर घेतले, पुस्तक मांडीवर ओढलं आणि पहिलं पान उघडलं. शोभाही हात पुसत येऊन बसली. तिचंही म्हणणं होतं, पापडांवर ठेवता ठेवता तिनं बरंच वाचलंय म्हणे.

आता चार वाजलेत. तिसरं प्रकरण चालू आहे आणि मिनल बोलतेय. मी अजून बस म्हटलेलं नाही.